कठड्यावरची ताटली

स्ट्रँड,
जुलै महिना, ऐन हिवाळा, वारा वायव्येचा.

आदरणीय रुगाया तितींच्या सेवेशी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या, लतीफाच्या नवऱ्याचा, म्हणजे आर्मीनचा, सलाम विनंती विशेष. तुमचे गुडघे कसे आहेत? पार्लच्या डोंगरावरची थंडी सरळ हाडात शिरते असं लतीफा म्हणायची, म्हणून पहिली चौकशी गुडघ्यांची. दुसरी रक्तातल्या साखरेची. आणि तिसरी तुमच्या शेजारणीच्या त्या कोंबड्याची, जो फजरच्या अजानीआधी आरवून तुमची झोप मोडतो. (त्याचं अजून कालवण कसं झालं नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.) माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, पण तो हिवाळ्यात सगळ्या गल्लीलाच असतो. मला कशाचीही गरज नाही आणि काही मागायचंही नाही, हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण मागच्या पत्राच्या शेवटी मी दोन उशा मागितल्या म्हणून तुम्ही माझ्या लेकीजवळ हसलात असं कळलं. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे.

तर तिती, गोष्ट एका ताटलीची आहे. लतीफाला जाऊन आता वर्ष होत आलं. सुरुवातीचे दिवस तुम्ही इथेच होतात, तुम्ही पाहिलंत, गल्लीने मला चूल पेटवू दिली नाही. मग हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागला, ते रीतीनेच झालं, आणि मी माझा भात आणि माझा मासा करून खाऊ लागलो. मे महिन्यातल्या एका रविवारी मी नेहमीसारखा नमाज आटपून गॉर्डन्स बेच्या धक्क्यावर होड्या बघायला गेलो होतो. (होडी विकली तरी बघायला कोणी पैसे घेत नाही.) परत येतो तो दारापुढच्या कठड्यावर ताटली! ताटलीवर फडकं, फडक्यावर मांजरीच्या धास्तीने दगड, आणि खाली तळून पाकात मुरलेले, खोबऱ्यात घोळलेले गरम कूसिस्टर. चिठ्ठी नाही, निरोप नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी उभ्या उभ्या सगळे खाल्ले आणि मग विचारात पडलो की हे कोणाचे होते.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच लग्नात मी जेवणावरून उठून बिर्याणीच्या हंड्याखाली कसलं लाकूड घातलंय ते बघायला गेलो होतो आणि तुम्ही मला दंडाला धरून परत आणून बसवलं होतंत. असल्या माणसाच्या दारात बिननावाची ताटली ठेवणं म्हणजे त्याची झोप काढून घेणं. शिवाय आपल्यात ताटली रिकामी परत जात नाही. पण परत करायची तर कोणाला? आणि भरायची तर कशाने? मला आयुष्यात एकच पदार्थ येतो. ताजा स्नूक मासा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मीठ लावून वाऱ्यावर टांगायचा, मग जाळीत धरून द्राक्षाच्या जुन्या खोडांच्या निखाऱ्यावर ठेवायचा. वरून लोणी, लसूण, लिंबू आणि जर्दाळूचा जाम, पण जाम अगदी शेवटी, नाहीतर साखर जळून मासा कडू होतो. बाजूला राखेत रताळी. (हे तुम्हाला शिकवत नाही, तिती. ज्याने हे ऐकायला हवं होतं त्याने ऐकलं नाही, ते पुढे येईलच.)

तपास सुरू केला. शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानात उभा राहून खोबऱ्याचा कीस कोण नेतं ते पाहिलं. सगळ्या गल्लीने नेला. रविवारी बडीशेप आणि वेलदोड्याचा वास कुठल्या खिडकीतून येतो ते हुंगत फिरलो. सगळ्याच खिडक्यांतून आला, आणि एका खिडकीतून आवाज आला, "बूता आर्मीन, सर्दी झाली का?" शेवटी माझा जुना होडीसोबती आणि शेजारी इगसान याला विश्वासात घेतलं. तो म्हणाला, "तुझ्यासाठी कोण कशाला ठेवील? मांजरीसाठी ठेवली असेल. दगड चुकून वर पडला असेल." या माणसाबरोबर मी तीस हिवाळे समुद्रावर काढले.

पण दगडावरूनच मला सुगावा लागला. तो चुन्याने रंगवलेला होता, आणि असे पांढरे दगड फक्त मरेल्दियाच्या फुलझाडांभोवती आहेत. मरेल्दिया म्हणजे इगसानची बहीण, समोरच्या हिरव्या दाराची, नवरा जाऊन सहा-सात वर्षं झालेली. लतीफाच्या जनाज्याच्या दिवशी तुमच्याशी चहाच्या साखरेवरून भांडली ती. आणखी एक पुरावा होता. ताटली धुताना मी उलटी केली, तर बुडाला लाल ठिपका. छोटासा, टपोरा, मुद्दाम ब्रशने काढलेला. तिती, मी म्हातारा आहे, आंधळा नाही. बाईमाणूस ताटलीच्या बुडाला, जिथे दुसऱ्या कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, लाल ठिपका कशासाठी काढील? मी तो अंगठ्याने पुसून पाहिला. जात नव्हता. पक्का होता. मला घाम फुटला.

पुढच्या गुरुवारी स्नूकचा थवा आला, गाडीवाल्याचा भोंगा गल्लीत वाजला, आणि मी एक मासा भाजून, काटे काढून (हे मी लतीफासाठीही कधी केलं नव्हतं, माफ करा) त्या ताटलीत रचून हिरव्या दारात नेला. मरेल्दियाने माशाकडे पाहिलं, ताटली वर धरून बुडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती, जी कधी गप्प बसत नाही, ती गप्प झाली. मग एवढंच म्हणाली, "बरं. ठेवून जा." आणि त्याच रविवारी तीच ताटली माझ्या कठड्यावर, वर दुधाचा टार्ट, दालचिनी भुरभुरलेला! मी इगसानच्या न्हाव्याकडे जाऊन मिशा कापून आलो.

त्यानंतर गोष्टी हाताबाहेर गेल्या. एका रविवारी दोन ताटल्या आल्या, एक फुलाफुलांची आणि एक सोनेरी कडेची. पुढच्या रविवारी चौकोनी, तिच्यात खोबऱ्याचे आणि जामचे छोटे टार्ट. मग कलिंगडाच्या सालीचा मुरांबा. प्रत्येक ताटलीच्या बुडाला तोच लाल ठिपका. मला वाटलं, लोकांनी ओळखू नये म्हणून बाई दर वेळी ताटली बदलते आहे, आणि दोन-दोन येतात म्हणजे तिचा धीर सुटत चालला आहे. हे सगळं मी एकट्याने सोसत होतो. इगसानला सांगणार कसं? तिचा भाऊ पडला.

याच सुमाराला शिहामचा जोहान्सबर्गहून फोन. तुम्हाला ठाऊक आहेच, लेक मला तिकडे न्यायचं म्हणते. खोली तयार आहे, खोलीला हीटर आहे, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते आणि समुद्र एका दिवसाच्या प्रवासावर आहे. ती म्हणाली, "डॅडी, हट्ट सोडा. तिथे तुमचं कोण आहे आता?" मी म्हणालो, "आहे कोणीतरी."  मग बारीक आवाजात, "कोण?" मी म्हणालो, "तेच शोधतोय." मग मी तिला समजावलं की लोकांच्या ताटल्या घरात असताना माणूस घर सोडून जाऊ शकत नाही, ते चोरीच्या जवळचं आहे. ती म्हणाली, "डॅडी, ताटल्यांसाठी कोणी घर अडवून बसतं का? महिनाअखेरीला सामानाची गाडी पाठवते. तोवर ज्याच्या त्याला देऊन टाका." तिती, तिचं मन वाईट नाही. बापाच्या काळजीनेच बोलते. पण त्या रात्री मी घरभर फिरलो आणि मला कळलं की मला जायचं नाही. हे घर, हा वारा, आणि रविवारी कठड्यावर काय असेल याची धाकधूक, एवढ्यासाठीच मी सकाळी उठत होतो.

तेव्हा ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. आधी मी गोडाला गोडाने उत्तर द्यावं म्हणून स्वतः कूसिस्टर करायला बसलो. पीठ भिजवलं, ते माझ्या हातांना, ओट्याला आणि दाराच्या कडीला चिकटलं. उरलेलं तळलं. दिसायला बरे झाले होते. पाकात घातले, खोबऱ्यात घोळवले, एक तोंडात टाकला आणि आठवलं की तेल गुरुवारचं होतं. मासे तळलेलं. मांजरीने मात्र बशी चाटूनपुसून साफ केली आणि तेव्हापासून माझ्याकडे आदराने बघते.

मग दुसरा बेत. सगळ्या गल्लीला शनिवारी दुपारी माझ्या अंगणात माशाचं जेवण द्यायचं. टेबलावर त्या सगळ्या ताटल्या मांडायच्या, प्रत्येकीत भाजलेला मासा आणि रताळं घरी न्यायला बांधून ठेवायचं, आणि आपण बघत राहायचं की कोण कुठल्या ताटलीला हात घालतं. हजार ताटल्यांतून आपली ताटली न ओळखणारी बाई या गल्लीत जन्मलेली नाही. बेत बिनतोड होता. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ज्याने विस्तव पेटवला त्याने विस्तवापासून हलायचं नसतं, आणि माझा विस्तव अंगणाच्या त्या टोकाला, टेबल या टोकाला. माझ्या पाठीमागे बायका ताटल्यांभोवती जमल्या होत्या आणि मी हातात चिमटा घेऊन धुराकडे तोंड करून उभा. मान वळवून वळवून मला चमक आली. शेवटी राहवेना. मी इगसानच्या हातात चिमटा दिला.

तिती, तुम्हाला हसू येईल, पण सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. या गल्लीत बाप मुलाला चिमटा देतो तोही हज्जला निघतानाच. इगसानला इतकं भरून आलं की तो मासा सोडून चिमट्याकडेच बघत बसला आणि मग घाईघाईने सगळा जाम सुरुवातीलाच ओतून मोकळा झाला. आगीचा लोळ उठला. लोक म्हणू लागले, "आर्मीनला काहीतरी झालंय. छातीत दुखतंय का? बसवा त्याला." मला कोणी खुर्ची दिली, कोणी पाणी दिलं, आणि मी त्यांच्या अंगावरून वाकून वाकून टेबलाकडे बघत होतो.

आणि काय पाहिलं? एकीनेही घरी न्यायला ताटली उचलली नाही. प्रत्येकीने मासा कागदात उपसून घेतला (मी आधी भाजलेला, चांगला; इगसानचा जळका तसाच राहिला), ताटली आत नेऊन धुतली, पुसली, आणि माझ्या कपाटात लावून ठेवली. कुठली कुठे लागते हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मला राग आला. मी उठून मरेल्दियासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांसमक्ष म्हणालो की एवढा मान देऊन ताटली भरून दिली, ती घरी न नेणं ही कसली रीत?

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घरी? अरे, घरीच तर आहे ती. तुझ्या घरी."

मी म्हणालो, "आणि तो लाल ठिपका?"

"ठिपक्याचं काय?"

मी कपाटातून ताटली आणून उलटी करून दाखवली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मरेल्दियाने आधी डोळे मोठे केले, मग ओढणीने पुसले, हसून की कशाने ते मला कळलं नाही. म्हणाली, "आर्मीन, हे लतीफाचं नेलपॉलिश आहे. नखाला कधी लावलं नाही तिने, वजू होत नाही म्हणून. ताटल्यांना लावायची, की लग्नाकार्यात गेल्या तर ओळखून घरी याव्यात. इतकी वर्षं दर रविवारी तू धक्क्यावर गेलास की ती गल्लीभर कूसिस्टर वाटायची. तुझ्याच घरच्या ताटल्या रे या! तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं, तिती. काड्यापेटीशेजारी त्या लाल बाटलीला मी इतकी वर्षं बघत होतो. बिर्याणीच्या हंड्याखालचं लाकूड बघायला उठलेला मी, ती बाटली स्वयंपाकघरात कशाला, हे एकदाही विचारलं नाही. मी खायचो तो कढईतूनच, उभ्याने, किंवा माझ्या पत्र्याच्या थाळीत. ताटल्या माझ्यासाठी नव्हत्याच कधी.

मग एकेक गोष्ट बाहेर पडली. लतीफा गेली तेव्हा गल्लीत घरोघरी तिची एकेक ताटली राहिली होती. लगेच परत केली असती तर संबंध तोडल्यासारखं दिसलं असतं, म्हणून सगळ्या थांबल्या. वर्ष सरत आलं तशी एकेकीने आपल्याकडची भरून आणली. एकट्या पुरुषाच्या दारात थांबून बोलायचं नाही, म्हणून कठड्यावर ठेवली. मांजरीच्या धास्तीने मरेल्दियाच्या फुलझाडांभोवतीचा दगड सगळ्याच उचलायच्या. ताटली कोणाची हे सांगायचं कोणाच्या मनातच आलं नाही. घरधन्याला घरची भांडी ओळखू येतात अशी त्यांची समजूत. मरेल्दिया म्हणाली, "तू मासा घालून माझ्याकडे आणलीस, तेव्हा मला वाटलं, लतीफाचं काम तू पुढे चालू केलंस. म्हणून तर मला बोलवेना."

त्या रात्री कपाट उघडून मी ताटल्या बघत बसलो. लतीफाची मला इतकी आठवण वर्षभरात आली नव्हती, की आली होती आणि मी तिला खोकला म्हणत होतो, अल्लाला ठाऊक. तिचं एकेक भांडं घरी आलं, आणि एकही रिकामं आलं नाही. आता सगळी घरी आहेत. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी धक्क्यावर गेलोच नाही, खिडकीत बसून राहिलो. गल्लीत तळणाचा वास सुटला. कठड्यावर काही आलं नाही. येणार कसं? कोणाकडे परत करायला काही उरलंच नव्हतं. दुपारी मांजर कठड्यावर जाऊन बसली आणि तीही थोड्या वेळाने उतरली.

असो. बाकी सर्व क्षेम. तुम्ही गोड खाऊ नका, थंडीत बाहेर पडू नका, गुडघ्यांना गरम तेल लावा. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर धाकट्याचं समजून पोटात घाला.

तुमचा,
आर्मीन

ता.क. : वर लिहिल्याप्रमाणे मला काही नको आहे. फक्त लतीफा कूसिस्टरच्या पिठात उकडलेला बटाटा किती घालायची आणि संत्र्याची वाळलेली साल कुटून की किसून, तेवढं कळवा. तुमच्या दोघींच्या आईची रीत एकच असणार. मी ताटल्या मासे घालून पाठवतो म्हणालो, तर मरेल्दिया म्हणते, लतीफाच्या ताटल्यांना माशाचा वास लावलास तर याद राख, आणि रविवार कूसिस्टरचाच.

आणखी एक : कळवून भागणार नाही. तुम्हीच या. येत्या रविवारीच, कारण पुढच्या आठवड्यात शिहामची गाडी येते. इगसान तुम्हाला आपल्या टेम्पोतून घेऊन येईल. चिमटा दिल्यापासून तो माझ्यासाठी काहीही करायला तयार आहे. तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं सांगा, तळतो मी. कढई नवीन आणली आहे, तेलही नवीन आहे, मांजरीला मी बाहेर ठेवीन. दर रविवारी इथून ताटल्या बाहेर पडू लागल्या की त्या परतही येऊ लागतील.

आणि : मरेल्दियाबद्दल मनात काही आणू नका. मिशा कशासाठी कापल्या हे इगसानने न्हाव्याकडून काढून तिला सांगितलं. ती म्हणाली, जो माणूस आपल्या विस्तवावरचा चिमटा दुसऱ्याच्या हातात देतो त्याच्याशी लग्न करायला मला वेड लागलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. (थोडा बाहेरही राहिला.)

शेवटचं : लतीफाची निळ्या काठाची एक ताटली गेल्या वर्षीच्या ईदपासून तुमच्याकडे आहे, मला आता सगळं ठाऊक झालं आहे. तुमचा स्वभाव मी ओळखतो, येताना ती भरून घ्यावी असं तुमच्या मनात येईल. काल शिहामचा फोन होता. तिने विचारलं, झाल्या ना सगळ्या ताटल्या ज्याच्या त्याच्या घरी? मी म्हणालो, नाही, एक अजून पार्लला आहे, ती आल्याशिवाय मला निघता येणार नाही. तेव्हा तिती, तुम्ही नक्की या, पण ताटली आणू नका.